अर्थ लागत नाही म्हणून दिवा लागत नाही

दसरा-दिवाळी झाली की आमच्या सांबऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. निपाणी, संकेश्वर, कागल पट्ट्यात तर विचारायलाच नको, तिकडे कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टरांच्या रांगाच असतात. सीमा नकाशावर आहे, ऊस मात्र दोन्हीकडे जातो. एका ट्रॅक्टरमागे एक, पुष्कळदा दोन ट्रॉल्या, त्यांवर पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागेल एवढा ऊस, बाजूंनी बाहेर आलेली उसाची टोकं, आणि ट्रॅक्टरवर गाणी अशी जोरात की पुढच्या गावाला आधीच वर्दी मिळावी. पुढून हे सगळं दिसतं आणि ऐकू येतं. मागून काहीच दिसत नाही, कारण मागे दिवा नसतो.

खरं म्हणजे दिवा असतो. ट्रॉलीच्या मागे जाऊन बघा. लाल काच असते, आत बल्ब असतो, वायर पण गेलेली असते. फक्त तो लागत नाही. 'असतो पण लागत नाही' हे काय प्रकरण आहे आणि ते कसं शोधून काढायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे. आपल्या मंडळाच्या अंकात कविता आणि रसग्रहणांच्या मध्ये हे कुठून आलं असं वाटेल, पण आपल्यातल्या निम्म्या मुलामुलींच्या घरी ट्रॅक्टर आहे आणि उरलेले सगळे संध्याकाळनंतर त्याच रस्त्याने दुचाकीवरून घरी जातात.

थोडा हिशेब करू. दुचाकी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर ती एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. भरलेली ट्रॉली ताशी १५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ४ मीटर. दोघांमधलं अंतर दर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होतं. समोरून एखादा ट्रक हेडलाइट डोळ्यात मारत येत असेल तर आपल्याला पुढचं चाळीसेक मीटरच धड दिसतं. म्हणजे हातात तीन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद 'हे काळं काय आहे?' हे कळण्यातच जातो. ट्रॉली बिघडून रस्त्याकडेला उभी असेल तर तेवढेही सेकंद नाहीत.

आमच्या चर्चच्या गायनमंडळातला एक मुलगा गेल्या वर्षी आगमनकाळात सराव संपवून घरी येताना अशाच उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला तो पलंगावर होता. ट्रॉलीवाल्याशी भांडण झालं तेव्हा तो एकच सांगत होता, "कालच नवीन बल्ब घातलाय हो मी." सगळ्यांना वाटलं, थाप मारतोय. माझ्या मामांचं रस्त्यालाच गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी ती ट्रॉली त्यांच्याकडेच आली. त्यांनी बल्ब काढून थेट बॅटरीला लावला. झकास पेटला. ट्रॉलीवाला खोटं बोलत नव्हता. मामा म्हणाले, "बल्ब चांगला हाय, वायर पण चांगली हाय. खरं ट्रॉलीला अर्थ नाही बघ."

मराठी साहित्य शिकणाऱ्या मुलीला हे वाक्य ऐकून काय झालं असेल! पण मामा काही कोटी करत नव्हते. आपल्याकडचा प्रत्येक मेकॅनिक 'अर्थ' हा शब्द दिवसातून वीस वेळा वापरतो. अर्थ मिळत नाही, अर्थ कच्चा आहे, अर्थ तुटला. इंग्रजी शब्द आपल्या तोंडी येऊन असा बसला की त्याचा आपला अर्थही जवळपास तोच झाला: सगळं जागच्या जागी आहे, पण त्यातून काही निष्पन्न होत नाही. त्या सुट्टीत मी रोज दुपारी दुकानात जाऊन बसायला लागले. पुढचं बरंचसं तिथे बघितलेलं आहे.

आधी एक गैरसमज काढू. वीज नळाच्या पाण्यासारखी नाही, की एका पाइपातून आली आणि बादलीत पडली. ती सिटी बससारखी आहे. बेळगावहून सांबऱ्याला आलेली बस परत गेली पाहिजे. परतीचा रस्ता बंद झाला तर बस इथेच अडकेल आणि मग बेळगावहूनही काही सुटणार नाही. बॅटरीच्या अधिक टोकातून निघालेला करंट बल्बमधून जाऊन उणे टोकाला परत पोचला तरच बल्ब पेटतो. जाण्याची वायर जितकी महत्त्वाची तितकीच येण्याची.

घरात आपण दोन वायरी बघतो. गाडीत मात्र बहुतेक ठिकाणी एकच वायर जाते, कारण परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. बॅटरीचं उणे टोक जाड पट्टीने किंवा केबलने चेसिसला बांधलेलं असतं, आणि दिव्याचं होल्डर दुसरीकडे त्याच लोखंडाला स्क्रूने बसवलेलं असतं. अर्धी वायर वाचली. एकट्या ट्रॅक्टरला हे चालतं, कारण त्याचं सगळं लोखंड नट-बोल्टने एकमेकांना घट्ट आवळलेलं आहे.

ट्रॉलीचं तसं नाही. ती ट्रॅक्टरला जोडली आहे एका हुकाने आणि पिनेने, आणि ती पिन भोकात मुद्दाम ढिली ठेवलेली असते, नाहीतर वळणच घेता येणार नाही. त्या पिनेवर ग्रीस, गंज, चिखल. वेगळी अर्थची वायर नसेल तर दिव्याचा करंट परत जायला रस्ता तेवढाच. दुसऱ्या ट्रॉलीच्या करंटला अशा दोन पिना ओलांडायच्या. म्हणून ट्रॉलीचा दिवा खड्ड्यात लागतो आणि सपाट रस्त्यावर विझतो. हुक हिसका खाऊन लोखंडाला लोखंड लागलं की तेवढ्यापुरता रस्ता मोकळा होतो. रात्री मागून जाताना तुम्हीही हा लुकलुकता दिवा बघितला असेल. तो बल्बचा दोष नव्हे.

याच्यात आपल्या दसऱ्याची भर पडते. हंगामाच्या तोंडावर ट्रॉली रंगवायची पद्धत आहे. लाल, निळा, पिवळा, कडेला फुलं, मागे देवाचं नाव. खंडेनवमीला नवी कोरी दिसली पाहिजे. रंगारी होल्डर काढतो, खालचं लोखंड मस्त रंगवतो आणि वाळल्यावर होल्डर परत त्या रंगावर बसवतो. रंगातून वीज जात नाही. गेल्या वर्षी चालणारा दिवा यंदा बंद, आणि मालक म्हणतो, आताच तर सगळं नवीन केलं! मामांच्या दुकानात ऑक्टोबरात येणाऱ्या ट्रॉल्यांत हा प्रकार इतका असतो की ते आधी रंग बघतात आणि मग मल्टीमीटर काढतात.

अर्थ गेला की आणखी एक गंमत होते आणि ती ओळखता आली तर अर्धं काम झालं. ब्रेक दाबला तर ट्रॉलीचा ब्रेकचा दिवा लागत नाही, पण ट्रॅक्टरचा स्वतःचा मागचा दिवा मिणमिणतो. किंवा डावा इंडिकेटर दिला तर ट्रॉलीचे सगळेच दिवे अंधुक उघडझाप करतात. लोकांना वाटतं वायरी एकमेकांत मिसळल्या, आणि ते सगळं वायरिंग उपसून काढतात. कारण वेगळं असतं. मागच्या दिव्यातल्या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक ५ वॉटची साधी आणि एक २१ वॉटची ब्रेकची. दोघींचं एक टोक बल्बच्या पितळी टोपीला, म्हणजे अर्थला जोडलेलं असतं. अर्थ तुटला तर ब्रेकच्या तारेतून आलेला करंट टोपीपाशी अडतो आणि दुसरी वाट शोधतो. ती त्याला शेजारच्या ५ वॉटच्या तारेतून सापडते. तिच्यातून उलटा वर जाऊन तो ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यात शिरतो आणि तिथल्या अर्थमधून घरी जातो. एवढे अडथळे ओलांडताना जोर संपतो, म्हणून सगळे दिवे मरगळलेले. नको तो दिवा नको तेव्हा अंधुक लागत असेल, तर वायरी उपसायच्या आधी अर्थकडे बघायचं.

तपासायची पद्धत एका मिनिटाची आहे. एक लांब वायर घ्यायची. तिचं एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरं टोक, सोलून, न लागणाऱ्या दिव्याच्या होल्डरच्या लोखंडाला टेकवायचं. ट्रॅक्टरचे दिवे चालू ठेवायचे. बल्ब झटकन पेटला तर निदान झालं: परतीचा रस्ता खराब आहे. आता ते टोक होल्डरवरून काढून ट्रॉलीच्या चेसिसला लावायचं. तरी पेटला तर चेसिसपासून ट्रॅक्टरपर्यंतची वाट खराब, म्हणजे हुकाची जागा किंवा सॉकेटमधली अर्थची पिन. नाही पेटला तर होल्डर आणि चेसिस यांच्यामध्येच काहीतरी आहे, बहुधा गंज नाहीतर तो दसऱ्याचा रंग. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचं.

वायर टेकवूनही काही झालं नाही तर मग जाण्याची वाट बघायची. त्यासाठी मामांकडे एक टेस्ट लॅम्प आहे. नाव मोठं, वस्तू साधी: १२ व्होल्टचा एक बल्ब, होल्डर, आणि दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला सुई. चिमटा चांगल्या अर्थला लावायचा आणि सुई बॅटरीकडून मागे मागे प्रत्येक जोडावर टेकवत जायची. फ्यूजच्या अलीकडे पेटतो, पलीकडे नाही? फ्यूज गेला. सॉकेटच्या ट्रॅक्टरकडच्या बाजूला पेटतो, ट्रॉलीकडच्या बाजूला नाही? पिन गंजली. जिथे पेटायचा थांबला, त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये दोष. सगळं उपसायची गरज नाही.

मी हुशारी करून विचारलं की मल्टीमीटर असताना हा बल्ब कशाला. मामांनी एक वायर आणली. तिच्या आत सगळ्या तारा तुटून एकच केसाएवढी तार शिल्लक होती. मल्टीमीटरने बघितलं तर १२.४ व्होल्ट, एकदम निरोगी. टेस्ट लॅम्प लावला तर पेटेना. मल्टीमीटरला मोजायला नावापुरताच करंट लागतो, तेवढा त्या एका तारेतून सहज जातो. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, ते जात नाहीत. "मीटर खोटं बोलत नाही," मामा म्हणाले, "खरं विचारल्याशिवाय सगळं सांगत पण नाही." त्यामुळे मल्टीमीटर वापरायचाच असेल तर दिवा चालू ठेवून वापरायचा. त्याची एक सुई बॅटरीच्या उणे टोकावर, दुसरी दिव्याच्या होल्डरवर. दोघांमध्ये शून्याच्या जवळपास आकडा आला पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की परतीच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे असं समजायचं.

आता तो दिवा, जो लागतो पण लागल्यासारखा दिसत नाही. हा प्रकार मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण मालक मागे जाऊन बघतो, लाल काहीतरी दिसतं, आणि तो निर्धास्त निघतो.

इथे जॉर्ज ओमची आठवण काढावी लागते. हा जर्मन गृहस्थ कोलोनमधल्या जुन्या जेझुइट शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचा, तिथल्या उपकरणांवर प्रयोग करायचा, आणि १८२७ मध्ये त्याने त्यावरचं पुस्तक छापलं. शाळेतलं ते सूत्र आपण सगळ्यांनी पाठ केलं आणि पेपरात लिहून विसरलो. करंट गुणिले रोध बरोबर व्होल्टेज. उसाच्या ट्रॉलीत ते सूत्र असं काम करतं.

बॅटरीपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या शेपटापर्यंत १५ मीटर धरू. जाऊन-येऊन ३० मीटर. घरगुती बेलला वापरतात तशी अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली तर एवढ्या लांबीचा रोध सुमारे १ ओम होतो. दोन ब्रेकचे दिवे मिळून ४२ वॉट, म्हणजे साडेतीन अँपिअर. साडेतीन गुणिले एक. तीन-साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्च! बॅटरीपाशी साडेबारा असतील तर दिव्यापाशी नऊच्या आसपास पोचतात. घरात २३० व्होल्टमधले तीन गेले तर कुणाला कळतसुद्धा नाही. इथे मुळात बाराच आहेत, त्यातले तीन म्हणजे चौथा हिस्सा. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो. १२ च्या जागी ९ व्होल्ट मिळाले तर उजेड चाळीस टक्क्यांच्याही खाली जातो. तोही वर साचलेल्या चिखलातून बाहेर यायचा असतो.

हीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची असती तर रोध पाव ओमच्या आत राहिला असता आणि एक व्होल्टसुद्धा गेला नसता. दुकानात जाऊन "अडीचची वायर द्या" म्हटलं की कळतं. वायर महाग पडते हे खरं. पण ट्रॉलीच्या कडेला फुलं काढून घ्यायला पैसे असतात.

अंधुक दिव्याचं आणखी एक कारण इतकं साधं आहे की कुणी तिकडे बघत नाही. ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते, ट्रॅक्टरची १२ ची. हायवेवरच्या दुकानातून घाईत आणलेला बल्ब २४ चा निघतो. तो बसतो व्यवस्थित, पेटतोही, पण १२ व्होल्टवर त्याचा उजेड दहाव्या हिश्शाएवढा. बल्बच्या टोपीवर आकडा लिहिलेला असतो, तो वाचायचा. आणि दोन तारांच्या बल्बच्या टोपीवरचे दोन खिळे एका पातळीत नसतात, एक वर एक खाली. ते मुद्दाम तसे केलेत, बल्ब उलटा बसू नये म्हणून. तरी काही लोक दाबून, पिळून तो उलटा बसवतातच. मग ब्रेकचा दिवा कायम पेटलेला आणि ब्रेक मारल्यावर उलट अंधुक. ताकद ही सगळ्याच ठिकाणी लावायची गोष्ट नाही.

आता फ्यूज. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर कुठेतरी वायरीचं रबर घासून तांबं लोखंडाला टेकलं आहे. करंट दिव्यापर्यंत न जाता मध्येच उडी मारून परत जातो, आणि अडथळा नसल्यामुळे प्रचंड वेगाने जातो. अशा वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे लोक मी स्वतः बघितलेत. फ्यूज नसला तर मग फ्यूजचं काम वायर करते, म्हणजे ती तापून जळते. १२ व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून लोक त्याला पोरखेळ समजतात. पण चांगली बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि ट्रॉलीवर वाळलेलं पाचट असतं. पाचटाला काय लागतं पेटायला?

शॉर्ट शोधायची मामांची युक्ती मला फार आवडली. फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी दोन टोकांत २१ वॉटचा बल्ब जोडायचा. शॉर्ट असेल तर तो बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, आणि त्याच्यामुळे वायरीतून पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, काही जळत नाही, फ्यूज वाया जात नाहीत. आता बल्बवर नजर ठेवून एकेक गोष्ट सोडवायची. आधी दुसऱ्या ट्रॉलीचं प्लग काढा. बल्ब तसाच आहे? मग पहिल्या ट्रॉलीचं. मंदावला? मग दोष पहिल्या ट्रॉलीत. वायर हाताने हलवत हलवत जायचं, दांडीच्या वळणाला, चाकाच्या वर, जिथे पत्र्याच्या भोकातून ती आत शिरते तिथे. जिथे हलवल्यावर बल्ब लुकलुकतो तिथे थांबायचं. पत्र्याच्या भोकाला रबरी वॉशर नव्हता, हे बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

हे सगळं करताना हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवायचं. बॅटरी सोडवायची असेल तर उणे टोक आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं. अधिक टोक सोडवताना पाना चुकून चेसिसला लागला आणि उणे टोक जोडलेलं असलं तर तिथेच वेल्डिंग सुरू होतं. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी ओढायची नाही, वाकून आत बघायला तर मुळीच नाही.

बॅटरीबद्दल फार लिहीत नाही. बंद गाडीला १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर संपत आलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, नाहीतर ती चार्ज होत नाही. टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायचा, कोरडं करून आवळायचं, वरून थोडं व्हॅसलीन लावायचं.

पण बॅटरीचा एक मुद्दा माणसांचा आहे. बीडकडून, विजयपूरकडून ज्या टोळ्या तोडीला येतात त्यांची घरं म्हणजे फडाच्या कडेच्या खोप्या. तिथे लाइट नाही. पोरं अंधारात, सापाकिरड्यात. संध्याकाळी खोपीत एक दिवा आणि चार मोबाइल, सगळं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. पहाटे ट्रॅक्टर चालू होईना म्हणजे सगळी टोळी ढकलायला. एका ड्रायव्हरला मी विचारलं, मागचे दिवे का लावत नाही? तो म्हणाला, "बॅटरी उतरत्या ताई. सकाळी कोण ढकलायचं?" त्याची भीती खोपीपुरती खरी आहे, रस्त्यापुरती नाही. दोन ट्रॉल्यांचे मागचे चार साधे दिवे मिळून २० वॉट, दोन अँपिअरसुद्धा नाहीत. इंजिन चालू असताना धड चालणारा अल्टरनेटर त्याच्या कित्येक पट देतो. गाण्यांचा तो मोठा अँप्लिफायर मात्र इंजिन बंद करूनही रांगेत तासन्‌तास वाजत असतो, आणि बॅटरी उतरली की दोष दिव्यांवर. खोपीसाठी ९ वॉटचा एलईडी पुरतो. रात्री पाच तास लावला तरी चार अँपिअर-तासांच्या आतबाहेर जातात, तेवढ्याने ट्रॅक्टर सकाळी रुसत नाही.

एलईडीचे मागचे दिवेही आता सगळीकडे मिळतात आणि ट्रॉलीला ते चांगलेच. करंट फारच कमी लागतो, हादऱ्याने तार तुटण्याचा प्रश्न नाही. फक्त ते घातले म्हणून अर्थ नको असं होत नाही. जुन्या रिलेला एलईडीचा भार कळत नाही, त्यामुळे इंडिकेटर भराभर टिकटिकायला लागतो. रिले बदलला की झालं.

रिफ्लेक्टरची पट्टी असताना दिवा कशाला, असंही विचारतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १०४ वा नियम रिफ्लेक्टरचा आहे आणि १०५ वा दिव्यांचा. दोन्ही वेगवेगळे लिहिले आहेत ते उगाच नाही. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, आपल्याच हेडलाइटचा परत पाठवतो. आपला हेडलाइट खाली वाकलेला असेल, रस्ता वळणाचा असेल किंवा पट्टीवर लोंबणारा ऊस आला असेल तर तो काय परत पाठवणार? पट्टी लावाच, दिवा बिघडला तर तीच उरते. स्तवनिधी घाटासारख्या वळणांवर मात्र लांबून दिसतो तो दिवाच.

शेवटी कायमचं काम. परतीसाठी हुकावर अवलंबून राहायचं नाही. ट्रॅक्टरच्या चेसिसपासून थेट दुसऱ्या ट्रॉलीच्या शेवटच्या दिव्यापर्यंत अर्थची वेगळी अडीचची वायर टाकायची. सात पिनांच्या सॉकेटला आंतरराष्ट्रीय मानकात तीन नंबरची पिन आणि पांढरी वायर अर्थची ठरलेली आहे. आपल्याकडे हातात येईल त्या रंगाची वायर लावतात, त्यामुळे रंगावर विश्वास न ठेवता पिनेचा नंबर बघायचा. जोड नुसता पिळून टेप गुंडाळायचा नाही, पहिल्या पावसात टेप सुटतो आणि आत तांबं हिरवं होतं. टोकाला लग दाबून, झाळून, घासलेल्या लोखंडावर स्टार वॉशर घालून आवळायचं, आणि आवळल्यानंतर वरून ग्रीस किंवा रंग. आधी नाही.

हुकाजवळ वायरीला एवढी ढील ठेवायची की पूर्ण वळणावर ती ताणली जाणार नाही, आणि एवढीही नाही की रस्त्यावर घासेल. ट्रॉली सोडून ठेवताना प्लग चिखलात लोंबकळत ठेवायचा नाही. दांडीला एक रिकामा हुक वेल्ड करून घेतला की तो तिथे अडकवता येतो. झाकण तुटलेल्या सॉकेटवर मामा दुधाची रिकामी पिशवी उलटी घालून रबर लावतात, तोंड खाली, म्हणजे पाणी साठत नाही. आमच्या रस्त्यावर दुधाच्या पिशव्या घातलेल्या तीन-चार ट्रॉल्या फिरतात. त्यांचे दिवे लागतात, मी मागून बघितलेत.